हाताचा भोंगा

आमच्या मराठीच्या सरांनी दिवाळी अंकासाठी कामाच्या अनुभवावर काहीतरी लिही म्हटलं, तेव्हा मी आधी नाही म्हणालो. कामाचे अनुभव निवृत्त माणसांनी लिहायचे असतात. पोस्टमास्तरांनी, कंपाउंडरांनी, एसटीच्या कंडक्टरांनी. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. सर म्हणाले, "तू काम तर करतोस ना?" करतो. कॉलेजात आल्यापासून मी एका अशा वस्तीची राखण करतो, जिथे कोणीच राहत नाही. तेवढंच सांगतो. मोठं काही नाही.

त्या वस्तीला नाव नाही, नंबर आहे. वणीहून मुकुटबनकडे जाताना एक फाटा लागतो, तिथून आत गेलं की तीन नंबर. तीन नंबरची कोळशाची खाण आणि तीन नंबरची कॉलनी. खाण बंद पडली, माणसं दुसरीकडच्या खाणींवर पाठवली गेली, आणि रांगेनं बांधलेली क्वार्टरं तेवढी मागे राहिली. कॉलनीला तारेचं कुंपण आहे आणि कुंपणाला लागून आमच्या गावाची शेतं. मी कुंपणाच्या शेताकडच्या बाजूचा मुलगा. हे आधीच सांगून टाकतो.

लहानपणभर मी कॉलनीवर जळलो. त्यांच्याकडे नळ होते. संध्याकाळी सगळ्या रांगांमध्ये एकदम दिवे लागायचे. आमच्या घरी माय चुलीत पऱ्हाट्या घालायची, कापसाच्या वाळलेल्या काड्या. त्या भस्सकन पेटतात आणि भाकर पलटेपर्यंत राख होतात. कॉलनीतल्या शेगड्यांमध्ये कोळसा असायचा. तो एकदा पेटला की सगळं जेवण होऊन, भांडी घासून झाली तरी लाल राहायचा. मी त्यांच्या धुरावरसुद्धा जळत होतो. आमच्या धुरापेक्षा तो जाड होता.

शाळेत माझ्या बाकावर श्रीनू बसायचा. त्याचे वडील राजय्याकाका खाणीत होते. त्याची आई लक्ष्मीअम्मा. घरात ते तेलुगू बोलायचे, बाहेर आमच्यासारखंच. श्रीनूच्या घराला नंबर होता. वहीवर पत्ता लिहिताना तो क्वार्टर नंबर अशा ऐटीत लिहायचा की मी माझ्या वहीवर पत्ताच लिहीत नसे. आमचा पत्ता काय, तर बौद्ध वस्ती, आटाचक्कीच्या मागे.

एकच गोष्ट कुंपणाच्या अलीकडे यायची, ती म्हणजे भोंगा. पाळी सुरू झाली की वाजायचा, सुटली की वाजायचा, आणि पाच वाजता ऑफिस आणि वर्कशॉप सुटायचं तेव्हाही. पाचचा भोंगा आमच्या बायांचा होता. कापूस वेचायची मजुरी वजनावर असते, पण निंदण, म्हणजे पिकातलं तण काढायचं काम, दिवसाच्या हिशोबानं असतं. आणि दिवस कधी संपतो यावर शेतमालक आणि मजुरीण यांचं एकमत जगात कुठेच होत नसेल. आमच्याकडे व्हायचं. पाचचा भोंगा वाजला की बाया कंबर सरळ करायच्या, खुरपं पुसायच्या आणि बांधावर यायच्या. कोणी कोणाला विचारायचं नाही.

भोंगा वाजण्याची एक रीत होती, ती आमच्या गावातल्या पोरासोरांनाही माहीत होती. पाळीचा भोंगा एका दमात वाजतो. लांब, सरळ. थांबून थांबून, तुटक वाजला तर खाली काहीतरी झालंय.

मी शाळेत असताना तो एकदा तसा वाजला. सगळे धावले. कॉलनी धावली, शाळा सुटली, आमच्या शेतांतल्या बाया हातातलं टाकून कुंपणाच्या भोकांतून आत शिरल्या. खाणीत उतरताना प्रत्येक माणूस बत्तीघरात आपला पितळी बिल्ला ठेवतो आणि दिवा घेतो. वर आला की दिवा देतो आणि बिल्ला घेतो. त्यामुळे खिळ्यावर बिल्ला लटकत असला की तो माणूस खाली आहे असं समजायचं. त्या दिवशी एकेक करून सगळे बिल्ले गेले. राजय्याकाकांचा राहिला.

पुढच्याच पावसाळ्यात माझ्या बाबांना कापसाच्या उभ्या पऱ्हाटीत पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे सरळ म्हणत नाहीत. बैलगाडीतून त्यांना फाट्यापर्यंत नेलं, तिथे गाडीची वाट बघताना ते गेले. आमची वस्ती धावली, नाही कशाला म्हणू. पण पलीकडच्या शेतातल्या माणसांना संध्याकाळी कळलं. त्या दिवशीही पाचचा भोंगा नेहमीसारखा एका दमात वाजला. मला त्या सरळ आवाजाचा फार राग आला होता.

श्रीनू मोठा झाल्यावर त्याला बापाच्या जागी कायमची नोकरी लागली, दुसऱ्या खाणीवर. बापाच्या जागी मिळालेल्या नोकरीवर कोणी जळतं का? मी जळलो. लिहायला बरं वाटत नाही, पण सरांनी खरं लिही असं सांगितलंय.

मग तीन नंबर बंद झाली. कोळसा संपला म्हणे, किंवा काढायला परवडेना. खाणीचं तोंड विटांनी बुजवलं. ट्रकांवर खाटा, कपाटं, तुळशीची डबडी चढली आणि कॉलनी गेली. आमच्या गावात त्या दिवशी कोणी वाईट बोललं नाही, पण फार कोणाला वाईटही वाटलं नाही. ती वर्षंच तशी होती. कापूस कोणाला साथ देत नव्हता. एका वर्षी अळी, एका वर्षी भाव, एका वर्षी पाऊस. दुसऱ्याच्या चुलीत काय जळतं ते दिसत असलं की माणसाचं मन लहान होतं.

राखणीचं काम एका ठेकेदाराकडून मिळालं. सकाळी वणीला कॉलेज, दुपारी कॉलनी. अंधार पडायच्या आत दौलतकाका येतात आणि मी सुटतो. दौलतकाका आधी याच खाणीत होते. ते म्हणतात, "म्या हे भोक खोदलं, आता मीच त्याची राखन करतो. उंदीरबी असा नोकरी करत नसन."

बंद कॉलनी चोरीला कशी जाते हे बाहेरच्यांना माहीत नसतं. ती एकदम जात नाही. आधी नळाच्या तोट्या जातात, मग तारा, मग खिडक्यांचे गज. मग दारं आणि चौकटी. चौकट निघाली की भिंत सैल होते, तेव्हा विटांची पाळी येते. सगळ्यात शेवटी जमिनीतल्या फरश्या. कुठल्याही क्वार्टरात पाऊल ठेवलं की ते कितपत संपलंय हे मला आता कळतं. हे परीक्षेत विचारत नाहीत.

चोर म्हणजे तरी कोण? आपलीच माणसं. त्यांना पकडून उद्या पाणी भरायला कोणत्या विहिरीवर जाणार? म्हणून आमच्या धंद्याचा एक अलिखित नियम आहे. शिट्टी लांबूनच वाजवायची. ती चोराला पकडायला नसते, त्याला निघायला वेळ द्यायला असते. एकदा मात्र गंगूमावशी समोरच आली. डोक्यावर वैरणीचा भारा, आणि मान अशी दबलेली की भाऱ्यात विटा आहेत हे आंधळ्यालाही कळावं.

"मावशी, वैरन लय जड झाली वाट्टे."

"वली हाये रे बाप्पा."

"उन्हाळ्यात?"

"तू कॉलेजात जातं म्हनून मले इज्ञान शिकवतं का? हो बाजूले, मान मोडून राह्यली."

मी बाजूला झालो. मावशीच्या न्हाणीला आता छान ओटा आहे.

चोरांपेक्षा मला जड जायचे ते पाहुणे. सणासुदीला जुने रहिवासी यायचे, जीप करून, लेकराबाळांना घेऊन. आपलं क्वार्टर शोधायचे. एक गंमत मी पाहिली आहे. समोरची भिंत पूर्ण पडलेली असली, कुठूनही आत जाता येत असलं, तरी माणूस दार जिथे होतं तिथूनच आत जातो. एका गृहस्थांनी तर बाहेर चपला काढल्या. आत गवत आणि काचा. "इथं आमचा पलंग होता," ते बायकोला सांगत होते, आणि ती म्हणत होती, "मले काय सांगता, मी काय शेजारी राहत होती?" आणि दोघं हसता हसता रडायला लागले.

मी शिट्टी गळ्यात घालून उभा. आणि माझ्या मनात काय आलं असेल? की यांना रडायलासुद्धा जागा आहे. यांचं गाव संपलं, म्हणून ते येऊन बघता येतं. आमचं गाव अजून आहे तिथेच आहे, म्हणून त्याच्यासाठी कोणी जीप करून येत नाही.

लक्ष्मीअम्मा मात्र गेली नव्हती. श्रीनूबरोबर नव्या कॉलनीत थोडे दिवस राहिली आणि परत आली. फाट्यावर तिनं इडलीची गाडी लावली, आमच्याच गावात खोली घेतली. नोकरीवाल्या मुलाची आई इडल्या का विकते, हे मला कळायचं नाही. मी विचारलं नाही. मला वाटायचं, पैसा असलेल्यांचे नखरे.

आता भोंग्याचं सांगतो.

खाण बंद झाल्यावर पाच वाजायचे बंद झाले. माय बापूरावजींच्या शेतात निंदायला जायची. कुंपणाला लागूनच त्यांचं शेत. माणूस वाईट नाही, पण त्या वर्षांत कापसानं त्यांना पिळलं होतं आणि ते बायांना पिळायचे. ऊन आहे तोवर दिवस आहे, असं त्यांचं म्हणणं. रेखा नावाच्या नव्या सुनेकडे लग्नातलं घड्याळ होतं. तिनं ते दाखवलं तर बापूरावजी म्हणाले, "आंदनातलं घड्याळ हाये ते पोरी, माहेराकडं पळते." सगळ्या बायाच हसल्या, आणि हसल्यामुळे अजून दोन ओळी निंदाव्या लागल्या.

माय दिवेलागणीनंतर घरी यायची. हातपाय न धुता तशीच भिंतीला टेकून बसायची. एक दिवस म्हणाली, "भोंगा होता तवा कोनी कोनाले इचारत नव्हतं. तो ना आपला होता, ना बापूरावजीचा."

मी पुस्तक घेऊन बसलो होतो. ती बघत राहिली.

"तू तिथंच बसतं ना दिवसभर? मंग वाजव ना पाचले."

"लाइट नाही माय तिथं. मोठा भोंगा केव्हाच गेला."

"मंग तू राखतं काय?"

हे तिनं टोमण्यानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून जास्त लागलं.

बत्तीघराच्या कोपऱ्यात, सडलेल्या पोत्यांखाली, हाताचा भोंगा होता. लाइट गेली तर वाजवायला खाणीत तो ठेवत असत. तीन पायांवर लोखंडी पिंप, बाजूला फिरवायचा दांडा. दांडा जोरात फिरवत राहिलं की आवाज चढतो, थांबलं की बसतो. मी गंज खरडला, तेल दिलं. मायला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भोंगा बाहेर ओट्यावर आणून ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलो. कुंपणापलीकडे बायांची रांग वाकलेली दिसत होती. त्यात मायचं हिरवं लुगडं.

पाच वाजले. मी दांडा फिरवला. आधी आजारी गाईसारखा हुंकार आला, मग आवाज चढला, आणि तो आमचाच आवाज होता, ओळखीचा. पण दांडा फार जड. माझा हात पुस्तकांचा झालेला. दम संपला, आवाज बसला. मी हात बदलून पुन्हा फिरवला. पुन्हा बसला. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी.

बाया उठल्या. मला आनंद झाला. पण त्या बांधाकडे गेल्या नाहीत. त्या धावत सुटल्या, माझ्याच दिशेनं. मायही धावत होती, खुरपं हातात तसंच. मागे बापूरावजी, धोतर वर धरून. फाटकाकडून दौलतकाका आले. पाळीला यायला निघाले होते, त्यांनी सायकल रस्त्यावर टाकली आणि अनवाणी धावले. गावातून माणसं येत होती. एकाच्या खांद्यावर विहिरीचा दोर, एकाच्या हातात पाण्याची बादली. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळे बत्तीघरावरून पुढे, खाणीच्या तोंडाकडे. विटांनी बुजवलेल्या, वर बाभळी उगवलेल्या तोंडाकडे. मी तुटक वाजवलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. रीत तर मलाही माहीत होती. हातानं दगा दिला होता.

सगळ्यात शेवटी लक्ष्मीअम्मा आली. फाट्यापासून पळत. मनगटापर्यंत इडलीचं पीठ. गर्दी तिच्यासाठी आपोआप बाजूला झाली, राजय्याकाकांच्या वेळी झाली होती तशीच. ती विटांपाशी गेली आणि पिठाचे हात भिंतीवर ठेवून म्हणाली,

"कोन राह्यलं खाली?"

दोरवाल्यानं खांद्यावरचा दोर खाली ठेवला.

"बोला ना. कोन राह्यलं?"

दौलतकाका हळू म्हणाले, "कोनी नाही अम्मा. खान बंद हाये."

"बंद हाये मले मालूम हाये. कोन राह्यलं?"

मायनं खुरपं टाकलं आणि तिला दंडाला धरून खाली बसवलं. मी पुढे झालो. सांगावंच लागणार होतं.

"म्या वाजवला. पाच वाजले म्हनून."

"अबे गाढवा!" दौलतकाका ओरडले. "पाच असे वाजतेत का? माहा जीव गेलता ना!"

मग एकेकाला आपण कुठे उभे आहोत ते कळलं आणि हसू फुटलं. "तू दोर कायले आनला बे?" "अन् तू पानी कायले आनलं? खानीले तहान लागली का?" बापूरावजी सुद्धा हसले. लक्ष्मीअम्मा हसली नाही. ती मायच्या खांद्याला टेकून बसली होती आणि तिचे पिठाचे हात भिंतीवर उमटले होते.

मला लाज वाटत होती. पण लाजेच्या खाली दुसरंही काही होतं. खाण बंद झाली, तोंड बुजलं, तरी तिच्यासाठी एवढी माणसं धावली. विचार न करता. मला फाट्यावरची बैलगाडी दिसत होती.

पोळ्याला श्रीनू आला. नवी मोटरसायकल, पायात खाणीचे बूट. त्याला गावात कळलं होतं. मी कॉलनीत होतो, तो सरळ तिथे आला. जयभीम नाही, काही नाही.

"तुले भोंगा म्हनजे खेळनं वाटलं का बे?"

"मायसाठी वाजवला. निंदनाच्या बाया..."

"माह्या मायचं काय झालं मालूम हाये का? चार घास खाऊन नाही राह्यली. तुले काय मालूम भोंगा म्हनजे काय!"

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं, इतक्या वर्षांचं. "तुह्या बापासाठी वाजला तरी! माह्या बापासाठी कोनी वाजवला? सांग ना. गाव धावलं, नोकरी भेटली, क्वार्टर भेटलं. आमाले काय भेटलं? फाट्यावर माशा वारत बसलो होतो मी."

तो मला मारेल असं वाटलं. पण तो त्याच्या जुन्या क्वार्टरच्या पायरीवर बसला. पायरी अजून होती. बराच वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

"माय इथं काहून राहते, मालूम हाये तुले?"

"नाही."

"तिकडं रोज भोंगा वाजते. माही पाळी लागली का वाजते, सुटली का वाजते. वाजला का माय दारात येऊन उभी राहते, म्या घरी येईपर्यंत. पानी नाही पीत. डाक्टर म्हने, हिले जिथं भोंगा नाही तिथं ठेवा." मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "साऱ्या मुलखात भोंगा नाही अशी एकच जागा होती आमाले मालूम. अन् तिथं तू."

जाताना तो म्हणाला, "नोकरी पायजे का तुले माही? घे. उतर रोज." पण तो बूट वाजवत गेला, आणि मी त्या बुटांकडे बघतच होतो.

मी भोंगा पुन्हा पोत्यांखाली ठेवला. बाया पुन्हा अंधारात घरी येऊ लागल्या. येता येता माय आता अम्माच्या गाडीपाशी थांबायची. दोघी बसायच्या. माय तिथे इतकं बोलून यायची की माझ्याशी बोलायला तिच्याकडे काही उरत नसे. यावरही मी थोडा जळलोच.

एका दुपारी अम्मा कॉलनीत आली, डब्यात इडल्या घेऊन. बत्तीघराच्या ओट्यावर बसली.

"कुठं हाये तो?"

मी नाही नाही म्हणत होतो. तिनं स्वतःच पोती बाजूला केली, भोंगा ओढत बाहेर आणला आणि मला म्हणाली, "घड्याळ बघ. पाच झाले का सांग."

"अम्मा, श्रीनू मले मारन."

"श्रीनू कोन? म्या पैदा केला त्याले."

पाच झाले, मी सांगितलं. तिनं पदर खोचला आणि दांडा धरला. रोज पाट्यावर पीठ वाटणारा हात. आवाज चढला आणि चढलेलाच राहिला. एक दम. लांब, सरळ, अगदी जुना. कुंपणापलीकडे बायांनी कंबर सरळ केली आणि सावकाश बांधाकडे निघाल्या. त्यांतली एक थांबली आणि आमच्याकडे बघून हात हलवला.

अम्मानं घाम पुसला. "भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"म्या वाजवला ना. मंग कायले वाजला ते मले मालूम हाये."

त्यानंतर ती रोज येऊ लागली. गाडी पाचच्या आधी आवरायची, यायची, वाजवायची, जायची. कधी तिला बरं नसलं तर मी वाजवायचो. माझाही हात बसला होता तोवर. एकदा बापूरावजी फाटकापाशी आले. इकडेतिकडे बघून म्हणाले, "प्रवीन, आज उलीसाक लेट वाजव ना बाप्पा. पान्याचं लक्षन हाये, दोन वळी राह्यल्या." मी म्हणालो, "भोंगा माहा नाही जी." माझ्या सगळ्या नोकरीत मी ताठ मानेनं काही बोललो असेन तर ते एवढंच.

एक अख्खं वर्ष असं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात, एक दिवस मी कॉलेजातून आलो तर फाट्यावर ट्रक भेटला. कंपनीनं उरलेलं लोखंड विकलं होतं. वर गेट, पत्रे, पाइप, आणि त्यांवर तीन पाय आकाशाकडे करून भोंगा. मी ट्रकच्या आडवा झालो. सुपरवायझर खाली उतरला.

"तो भोंगा राहू द्या साहेब. गावाचा हाये."

"कोनत्या गावाचा?"

"आमच्या."

"तुमच्या गावात खान होती का?" तो हसून नाही, खरंच विचारत होता. "लोखंड हाये बाबू. लोखंड जाते."

ट्रक गेला. अम्मा गाडीपाशी उभी होती, तिनं सगळं पाहिलं होतं. मला वाटलं ती रडेल. तिनं मला बशीत इडली दिली.

"बरं झालं. मीबी चालली आता श्रीनूकडं. दसऱ्याले."

"तिकडं तर रोज वाजते अम्मा."

"वाजू दे. आता बसून आयकीन. उभी नाही राहनार." आणि मग म्हणाली, "मी चालली ते तुह्या मायले सांगू नको आज. मीच सांगीन."

मी बशी हातात घेऊन विचार करत होतो की श्रीनूला नोकरी मिळाली, बूट मिळाले, आणि आता ही सुद्धा.

त्या दिवशी मी बत्तीघरात गेलो तर फरशीवर तीन पायांच्या खुणा होत्या. तिथेच बसलो. पाच वाजताना घड्याळाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मग राहवेना म्हणून कुंपणापाशी गेलो.

बाया निंदत होत्या. आणि मग मायनं कंबर सरळ केली. तिच्या बाजूच्या रेखानं केली. मग सगळ्या रांगेनं. खुरपी पुसली, पदर सोडले, बांधाकडे निघाल्या.

बापूरावजी बांधावरून ओरडले, "काहून? काहून उठल्या? भोंगा कुठी वाजला?"

"वाजला ना जी," माय म्हणाली. "तुमाले आयकू नाही आला?"

त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. कोणी हसत नव्हतं. रेखानं आपलं घड्याळाचं मनगट पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "वाजला."

मग बापूरावजींना मी दिसलो. तारेला धरून उभा. सगळ्या बायांनी माझ्याकडे बघितलं. मायनं नाही, ती खुरप्याची माती काढत होती.

"काय रे प्रवीन? तू तं तिथंच असतं. वाजला का?"

"वाजला," मी म्हणालो. "आताच."

बापूरावजींनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि ते बैलांकडे गेले. बाया निघाल्या. बांध ओलांडल्यावर कोणीतरी काहीतरी म्हणालं आणि सगळ्याजणी एकदम हसल्या, माय सगळ्यांत मोठ्यानं. ऊन अजून होतं.

मी खोटं बोललो असं मला वाटत नाही. तो वाजलाच असणार, त्याशिवाय एवढ्या बाया एकदम कशा उठतील? पण मला ऐकू आला नव्हता. मी कुंपणाच्या आतल्या बाजूला उभा होतो, शिट्टी गळ्यात घालून, आणि ज्यांना तो ऐकू आला त्यांच्यावर जळत होतो.